जगात फक्त एका बेटसमूहावर राहणारं माकड : झांजिबारचा लाल कोलोबस

समुद्रफेन

नोकरीमुळे सध्या माझा मुक्काम झांजिबारला आहे. इथले किनारे, लवंगांच्या बागा, स्टोन टाउनचे नक्षीदार दरवाजे यांवर मराठीत बरंच लिहून झालंय. मला लिहायचंय ते इथल्या एका माकडावर. इथे येणारे आपले बहुतेक लोक त्याचे फोटो काढून परततात, पण त्याचं भवितव्य ठरतंय ते जंगलाशेजारच्या शेतात, आणि त्याची चौकशी कोणी करत नाही.

झांजिबार हा बेटांचा समूह. त्यातलं सर्वांत मोठं बेट उंगुजा. साधारण ८५ किलोमीटर लांब, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर. शेवटचं हिमयुग ओसरल्यावर समुद्र चढला आणि हा तुकडा मुख्य भूमीपासून तुटला. त्यावर अडकलेली लाल कोलोबस माकडं मग आपल्या वाटेने वेगळी होत गेली. आज ही जात मूळची म्हणून फक्त उंगुजावर आणि त्याला लागून असलेल्या छोट्या बेटांवर आहे. १८६८ मध्ये ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने तिची नोंद केली आणि जॉन कर्कचं नाव दिलं. कर्क हा लिव्हिंग्स्टनच्या झांबेझी मोहिमेतला डॉक्टर आणि वनस्पतितज्ज्ञ, पुढे झांजिबारमधला ब्रिटिश प्रतिनिधी.

दिसायला फार देखणं. पाठ विटकरी, खांदे आणि हात काळे, पोट पांढुरकं. काळ्या चेहऱ्याभोवती पांढऱ्या लांब केसांची झालर, नाकाओठांवर गुलाबी डाग. शेपूट लांबलचक, पण फांदीला विळखा घालायच्या उपयोगाची नाही, तोल सांभाळण्यापुरती. हाताला अंगठा जवळजवळ नाहीच. चार बोटांचा आकडा करून डहाळी ओढायची, शेंड्याचा कोवळा पाला दातांनी खुडायचा आणि डहाळी सोडून द्यायची. ती परत जागेवर जाताना सपकन आवाज होतो. झाडाखाली उभं राहिलं की माकडं दिसायच्या आधी हाच आवाज ऐकू येतो.

पूर्वी यांची संख्या दोन हजारांच्या आतबाहेर मानत. मग वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीच्या लोकांनी दोन वर्षं सगळं बेट पालथं घालून पहिली पूर्ण मोजणी केली. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आकडा निघाला ५,८०० च्या वर. आनंदाची गोष्ट आहेच, पण ती मोजणी पुढेही वाचायला हवी. संरक्षित हद्दीबाहेरच्या टोळ्या लहान आणि त्यांच्यात पिल्लं कमी तगतात. काही जंगलतुकड्यांतून ही माकडं साफ नाहीशी झालेली. जागतिक यादीत ही जात अजूनही 'संकटग्रस्त' आहे. आणि एवढीशी संख्या, तीही जवळजवळ सगळी एकाच बेटावर. एखादी साथ आली तर कुमक येणार कुठून? १९७४ मध्ये शेजारच्या पेंबा बेटावर, न्गेझीच्या जंगलात, १४ माकडं नेऊन सोडली होती. ती तगली, पण फारशी वाढली नाहीत. म्हणजे 'दुसरीकडे सोडू' हा मार्गही फारसा भरवशाचा नाही.

त्यांचं मुख्य ठाणं जोझानी. स्टोन टाउनपासून ३५ किलोमीटरवर. २००४ मध्ये जोझानी आणि च्वाका खाडी मिळून साधारण ५० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं, झांजिबारचं पहिलंच. आत पाणी जमिनीच्या अगदी वर असलेलं दलदलीचं जंगल आहे, खाडीकडे खारफुटी, बाकी सगळं पोवळ्याच्या खडकावर कशीबशी रुजलेली झुडपं. या खडकावर माती नखभर, त्यामुळे एकदा तोडलेलं जंगल परत यायला फार काळ लागतो.

आता ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट. हे माकड कोळसा खातं.

जोझानीच्या वेशीवरच्या एका शेतात मी हे पाहिलं. कोळशाची भट्टी विझून गार पडली होती. एक मादी पोटाला पिल्लू बिलगलेलं घेऊन खाली उतरली, चहूकडे पाहिलं, राखेतून बोटभर तुकडा उचलला आणि झपाट्याने आंब्यावर चढली. तिथे बसून शांतपणे तो खाऊ लागली. कुडुमकुडुम आवाज खालपर्यंत येत होता. गुलाबी ओठ काळेकुट्ट झाले. पिल्लाने तिच्या तोंडाशी नाक नेलं, हुंगलं, आणि तिच्या छातीवरच्या केसांत पडलेला चुरा उचलून चाटला. शेताचे मालक बाजूलाच उभे होते. त्यांना यात काही नवल नव्हतं.

थॉमस स्ट्रुहसेकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. शेतांच्या आसपास या माकडांना मिळतो तो आंब्याचा आणि देशी बदामाचा पाला. त्यात प्रथिनं भरपूर, पण फिनॉल वर्गातली कडू द्रव्यंही भरपूर. ती पचनाच्या आड येतात. कोळसा ती द्रव्यं धरून ठेवतो. आईचं पाहून पिल्लू शिकतं असं दिसतं, आणि सगळीच माकडं खात नाहीत, काहींना सवय असते, काहींना नसते. या युक्तीमुळे आमराईच्या कडेला ती जंगलापेक्षाही दाटीने राहू शकतात.

पण झांजिबारमध्ये स्वयंपाक अजून मोठ्या प्रमाणावर कोळशावर होतो. त्या कोळशासाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी जंगल तुटतं. ज्या कोळशापायी त्यांची झाडं गेली, त्याच कोळशाच्या आधाराने ती शेतात जगतायत. आणि शेत कोणाचं? ज्याच्या घरी चूल त्याच कोळशावर पेटते त्याचं. मला वाटतं या माकडाचा प्रश्न उद्यानाच्या फाटकाशी सुटणार नाही. तो त्या शेतकऱ्याशी काय व्यवहार होतो यावर सुटेल. तुम्हाला काय वाटतं?

ठाण्याची_सई

फार सुंदर लिहिलंयस. डिसेंबरात आम्ही सगळे तिकडे येतोय, सासूबाई आणि दोन मुलंही. जोझानी आमच्या यादीत आहेच. टूरवाल्याने पाठवलेल्या फोटोत माकडं अगदी माणसांच्या खांद्याशी आलेली दिसतात. ती चावतात का? मुलांना जवळ जाऊ द्यावं का? सोबत केळी न्यावीत का?

जनावरांचा_डॉक्टर

सई, केळी अजिबात नका नेऊ. समुद्रफेन सविस्तर सांगतीलच, मी फक्त पोटाबद्दल लिहितो.

कोलोबस आणि आपले काळ्या तोंडाचे वानर एकाच उपकुळातले. दोघंही पाला खाणारे, दोघांचंही जठर कप्प्याकप्प्यांचं. गाईच्या पोटात जिवाणू चारा आंबवतात तसंच काम इथे चालतं. पिकलेलं गोड फळ अशा पोटात गेलं की ते झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं आणि प्राणी आजारी पडतो. म्हणून कोलोबस फळं खातात ती कच्ची, करकरीत. पिकलेल्या आंब्याच्या झाडावर बसून ते पालाच ओरबाडतील. वानर थोडे अधिक सोशिक असतात, पण त्यांनाही बिस्किटं, पाव, फरसाण हे पचायचं अन्न नव्हे. देवस्थानांच्या पायऱ्यांवर भक्तिभावाने जे खाऊ घातलं जातं त्याने वानरांची पोटं बिघडतात आणि सवयी त्याहून जास्त बिघडतात. शनिवारी फुटाण्याची पुडी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगतो.

कोळशाबद्दल : विषबाधा झालेल्या जनावराला आम्ही सक्रिय कोळसा पाजतो, माणसांच्या दवाखान्यातही देतात. तत्त्व तेच. त्याच्या अंगी सूक्ष्म छिद्रांचं प्रचंड पृष्ठफळ असतं आणि नको ती द्रव्यं त्यावर चिकटून बाहेर जातात. भट्टीतला साधा कोळसा तेवढा तगडा नसतो, पण रोज थोडा थोडा खाल्ला तर उपयोग होणारच.

माडबागायत

लेख चांगला आहे ताई, मेहनत दिसते. पण आमच्यासारख्याला हे वाचताना पोटात गोळा येतो.

गुहागरकडे आमची माड-पोफळीची बाग आहे, थोडी केळी. वांदरांची टोळी आली की शहाळी पाडतात, एक घोट घेतात, फेकतात, दुसरं तोडतात. केळीचा कोका उमलायच्या आत ओरबाडतात. लालतोंडी माकडं वेगळीच, ती कौलं काढून घरात शिरतात. गोफण झाली, फटाके झाले, कुत्री पाळली. राखणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी नारळाच्या पैशांतून सुटत नाही. आमच्या वाडीत लोकांनी भुईमूग आणि परसातली भाजी करणंच सोडलंय. भरपाईचा अर्ज केला तर पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पुरावाच वाळून जातो.

शहरातून येणारा म्हणतो, किती गोड माकड! त्याला काही द्यावं लागत नाही. झांजिबारच्या शेतकऱ्याच्या जागी मी असतो तर मला ५,८०० हा आकडा ऐकून आनंद झाला नसता. तिथल्या माड-बागायतदारांचं म्हणणं काय आहे ते लिहा. संशोधकांचं नको.

समुद्रफेन

@माडबागायत, तुमचा प्रश्न मनापासून आवडला. दोन्हींचं म्हणणं लिहिते, कारण इथे या दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या होत्या.

जोझानीच्या आसपासचे शेतकरी वर्षानुवर्षं सांगत होते की कोलोबस आमचे नारळ खातात. कर्स्टिन सीक्स आणि स्ट्रुहसेकर यांनी मग प्रत्यक्ष माडांवर मोजदाद केली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माकडं नारळ खातात हे खरंच निघालं. पण खातात ती अगदी लहान, कोवळी बोंडं. तुम्हाला माहीतच आहे, माड जेवढी बोंडं धरतो तेवढी पोसत नाही, कितीतरी आपोआप गळतात. जिथे कोलोबसनी जास्त बोंडं खाल्ली तिथे हाती आलेलं पीक घटलेलं नव्हतं, उलट किंचित जास्तच होतं. विरळणी झाल्यासारखा परिणाम असावा असं त्यांचं म्हणणं.

आता शेतकऱ्यांचं. त्यांच्याशी बोलताना माझ्या लक्षात आलं की ते सगळ्या माकडांचा हिशेब एकत्र करतात. इथे साइक्स जातीचंही माकड आहे. ते तुमच्या लालतोंड्यांसारखं सर्वभक्षी, केळी, पपई, मका, काही सोडत नाही. दोन्ही टोळ्या पुष्कळदा एकत्र फिरतात. शेतकऱ्याला सकाळी दिसतं ते उद्ध्वस्त शेत आणि झाडावर बसलेला कोलोबस, कारण साइक्स चपळ, तो पळालेला असतो. शिवाय नारळ सोडून इतर पिकांचं काय? शेंगवर्गातल्या पिकांचा कोवळा पाला, आंब्याचा मोहोर, या नुकसानीचं उत्तर नारळाच्या अभ्यासात नाही. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "आंब्याला मोहोर आला की त्यांची पंगत बसते, आणि ती माझ्या घरची असते."

शिवाय या माकडाबद्दल जुना राग आहे. किमा पुंजू, म्हणजे 'विषारी माकड', असं त्याचं स्थानिक नाव. त्याच्या अंगाला उग्र वास येतो, ते ज्या झाडाचा पाला खातं ते झाड मरतं, कुत्र्याने त्याचं मांस खाल्लं तर कुत्र्याचे केस झडतात, अशा समजुती जुन्या लोकांत आहेत. आपल्याकडे वानराला निदान मारुतीचं संरक्षण आहे. इथे तसं काही नाही. वाचवणारी एकच गोष्ट होती, की बहुसंख्य लोक मुसलमान, माकडाचं मांस खात नाहीत. तरी शिकार होत आली आहेच, कुत्री घेऊन.

उंडीण

वाखुसा (वाचनखूण साठवली)! मी वनस्पतींची माणूस, त्यामुळे माझं लक्ष झाडांकडेच गेलं.

आंबा आणि देशी बदाम, दोन्ही आपल्या अंगणातली. गंमत म्हणजे आंबा तिकडचा नाहीच, तो आपल्याकडून हिंदी महासागर ओलांडून गेला. बदामही पूर्वेकडून, किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलेला. म्हणजे या माकडाच्या पूर्वजांना ही पानं माहीतच नव्हती. नवा पाला मिळाला, त्यात कडू द्रव्यं निघाली, आणि त्यावरचा उताराही माणसाच्या भट्टीतच सापडला. आंब्याची पानं आपण दाराला बांधतो, पण निव्वळ आंब्याच्या पाल्यावर जनावर पोसायचं कोणाच्या मनात येत नाही. शेळी चार पानं ओरबाडेल आणि पुढे जाईल.

जोझानीच्या दलदलीच्या जंगलात उंडी आहे, बरोबर ना? आपल्या किनाऱ्यावरची, जिच्या बियांचं कडू तेल दिव्याला आणि होड्यांना वापरायचे तीच. केवड्याचे भाऊबंदही आहेत असं वाचलंय. समुद्रफेन, जमलं तर त्या जंगलाचं आतलं वर्णन लिही ना.

समुद्रफेन

उंडी आहेच, आणि फार मोठाली. मुळं पाण्यात, बुंधा वाकडातिकडा, खाली केवडा आणि ताडवर्गातली झाडं. पावसाळ्यात वाट पाण्याखाली जाते. आत अंधारून येतं आणि हवा दमट, चिकट.

पण तुला आश्चर्य वाटेल, त्या भल्या थोरल्या उंडीच्या जंगलात माकडं दिसायला वाट पाहावी लागते आणि रस्त्याच्या पलीकडच्या शेतांत ती हमखास दिसतात. पर्यटकांना ती दाखवतात तीही बहुतेक त्या शेतांतच. खारफुटीतही ती जातात, कांदळवनाचा पाला खातात. एरवी पाल्यातल्या ओलाव्यावर भागतं, पण खारफुटीतल्या टोळ्या पाणी पिताना पाहिल्याच्या नोंदी आहेत. जे माकड इतक्या तऱ्हांनी जमवून घेतं ते माणसाच्या एका पिढीच्या निष्काळजीपणाने जावं, हे मला सहन होत नाही.

दारेसलामकर

मी नव्वदच्या दशकात कामानिमित्त दार-ए-सलामला होतो, झांजिबारला येणंजाणं असायचं. जोझानीतून पूर्व किनाऱ्याकडे जाणारा रस्ता त्याच सुमारास पक्का झाला. आधी खड्ड्यांतून गाड्या रांगत जायच्या, मग एकदम सुसाट. आणि माकडं रस्त्यावर मरू लागली. तेव्हाच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला होता की दर दोन-तीन आठवड्यांना एक कोलोबस गाडीखाली जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचं खाणं, मग ती ओलांडणारच. शेवटी चार गतिरोधक घातले. मी पाहिलंय, ड्रायव्हर लोक शिव्या घालत हळू व्हायचे, पण हळू व्हायचे. आता काय परिस्थिती आहे?

एक जुनी आठवण सांगतो. कोलोबसचा खरा शत्रू तिथला बिबट्या होता, झांजिबारचा आपला वेगळा, अंगाने लहान. लोकांचा समज की चेटूक करणारे बिबटे पाळतात आणि गावावर सोडतात. १९६४ च्या क्रांतीनंतर तर बिबटे मारण्याची मोहीमच निघाली. आज तो बिबट्या संपल्यातच जमा आहे. माझ्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ अजून 'मी पाहिलाय' असं सांगायचे, पण खात्रीलायक पुरावा नाही. बेटावरचा प्राणी गेला की गेला, हे त्या लोकांनी एकदा पाहिलेलं आहे.

समुद्रफेन

गतिरोधक अजून आहेत आणि त्यांचा उपयोगही दिसतो. नंतरच्या अभ्यासात हे प्रमाण साधारण सहा आठवड्यांना एक इतकं खाली आलेलं आढळलं. पण पर्यटकांच्या गाड्या प्रचंड वाढल्यात, आणि गतिरोधक जिथे नाहीत तिथे वेग तोच. विमान गाठायची घाई असलेली मिनीबस त्या पट्ट्यात कशी जाते ते पाहिलं की संताप येतो. पिल्लू दोन-तीन वर्षांतून एकदा होणाऱ्या जातीला सहा आठवड्यांना एक मरणही परवडत नाही.

घाटवाट

रस्त्यावरून आठवलं म्हणून लिहितो. तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांमध्ये पुदुथोट्टम नावाचा जंगलाचा तुकडा आहे. तिथे सिंहपुच्छ वानरांची टोळी अशीच रस्त्यावर मरायची. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या लोकांनी रस्त्यावरून, झाडापासून झाडापर्यंत, जाड पट्ट्यांचे झुलते पूल बांधले. शिवाय स्थानिक तरुण राखणीला ठेवले, ते टोळी ओलांडेपर्यंत गाड्या थांबवतात. मी ते पूल पाहिलेत. आधी एक पोक्त मादी पूल पायाने चाचपते, मग बाकीचे रांगेने जातात. जोझानीत रस्त्याच्या वर झाडं भिडत नाहीत का? तिथे असे पूल जमले तर किती बरं.

आणि माडबागायत, आपल्याला जवळचं उदाहरण उत्तर कन्नडात आहे. सिरसी-होन्नावरच्या जंगलात सिंहपुच्छ वानरं उप्पगे नावाचं फळ खातात, हे कोकमाच्या कुळातलं. तेच फळ गावकरी वाळवून विकतात. म्हणजे दोघांचं पोट एकाच झाडावर. तिथे संरक्षण देताना सुरुवातीला कडेकोट अभयारण्य करण्याऐवजी संवर्धन राखीव क्षेत्र केलं, ज्यात गावकऱ्यांचे हक्क राहिले (२०१९ मध्ये मात्र ते अभयारण्यात सामील झालं). अडचणी आहेतच, पण माणूस आणि वानर एकाच चौकटीत धरून विचार झाला.

माडबागायत

@समुद्रफेन, कोवळ्या बोंडांचं पटलं. आमच्याकडेही गळतात. पण ते कोलोबसचं झालं, आमच्या वांदराला नाही लागू, तो भरलं शहाळंच पाडतो. कोणी उद्या हा अभ्यास दाखवून आम्हाला सांगू नये की माकडांनी पीक वाढतं.

@घाटवाट, राखणदार तरुणांचं आवडलं. त्यांना पगार मिळतो, म्हणजे वानर जगवणं हा कोणाचा तरी रोजगार झाला. आमच्याकडे मात्र नुकसान माझ्या बागेत आणि पुण्य सगळ्या तालुक्याला. माकडं पकडून लांब सोडायची मोहीमही झाली. एका गावची उचलून दुसऱ्या गावच्या रानात, मग ती तिथल्या वाडीत. प्रश्न फक्त पत्ता बदलतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या आंब्यावर टोळी बसते त्याला त्या आंब्याचं भाडं मिळालं पाहिजे. उपकार म्हणून दिलेली भरपाई मला नको. जोझानीत पर्यटक शेतात उभा राहून माकड पाहतो असं तुम्हीच लिहिलंय. त्या शेताचे पैसे कोणाला जातात?

समुद्रफेन

धागा काढताना मला नेमकं इथेच यायचं होतं.

१९९५ च्या सुमाराला केअर ही संस्था आणि झांजिबार सरकार यांनी जोझानीत काम सुरू केलं तेव्हा शेतकऱ्यांनी हाच मुद्दा मांडला होता : माकडं आमच्या शेतात, तिकीट तुमच्या फाटकावर. त्यातून शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली आणि प्रवेशशुल्कातला वाटा ठरला. काही भाग ज्यांची शेतं माकडं वापरतात त्या शेतकऱ्यांना, काही भाग आजूबाजूच्या गावांच्या विकासनिधीत. पेटे गावाजवळ खारफुटीतून लाकडी फळ्यांची वाट बांधलीये, तिथेही पर्यटक येतात. त्याच गावात फुलपाखरांचं केंद्र आहे, जिथे गावकरी कोष वाढवून विकतात. झाड न तोडता हातात पैसा यावा अशी ही धडपड.

सगळं गोडीगुलाबीचं नाही. उद्यानाला लागून शेत असलेल्याला पैसे मिळतात, दोन किलोमीटरवरच्याला नाही, पण माकड हद्द पाहून शेतात शिरत नाही. मिळणारी रक्कम कमी आहे, असं मी ज्यांच्याशी बोलले त्या सर्वांचं म्हणणं. आणि सरपण, कोळसा यांवर बंदी आल्याचा सगळ्यात जास्त भार बायकांवर पडला, कारण चूल त्यांची. ज्या घरात गॅस परवडत नाही तिथे 'झाड तोडू नका' म्हणणारा नुसताच उपदेश करून जातो. तरीही मी या व्यवस्थेच्या बाजूने आहे. ज्या शेतकऱ्यांना वाटा मिळतो ते पर्यटकाला ओरडून मागे हटवतात, माकडाला दगड मारत नाहीत. मी स्वतः पाहिलंय.

@घाटवाट, काही ठिकाणी फांद्या भिडतात, पण बरीच जागा मोकळी आहे. पुलांचं इथल्या एका वनरक्षकाच्या कानावर घालते. वालपराईचे फोटो असतील तर पाठव.

@सई, आता तुझं. चावत सहसा नाहीत, पण म्हणून जवळ जायचं नाही. त्यांनी माणसाला न घाबरणं हाच धोका आहे. आपली सर्दी-खोकला, फ्लू त्यांना लागू शकतो आणि बेटावर त्यांना दुसरीकडे पळायला जागा नाही. मुलांपैकी कोणाला खोकला असेल तर त्या दिवशी जोझानी रद्द कर, खरंच. खायला काही न्यायचं नाही. गाइड म्हणेल तितक्या अंतरावर उभं राहायचं, फोटोसाठी माकड खांद्याशी यायची वाट पाहायची नाही, आणि गाइडने पैशांसाठी जवळ ढकललं तर स्पष्ट नाही म्हणायचं. ड्रायव्हरला आधीच बजाव की जोझानीच्या पट्ट्यात वेग कमी. सासूबाईंना दलदलीची वाट जड जाईल, खारफुटीची फळ्यांची वाट त्यांना आवडेल. परतताना पेटेचं फुलपाखरू केंद्र कर, मुलं रमतील आणि पैसे गावात राहतील.

ठाण्याची_सई

सगळं लिहून घेतलंय. टूरवाल्याला फोन करून खांद्यावरच्या माकडाचा फोटो जाहिरातीतून काढायला सांगितलंय. काढतो म्हणालाय, मी मागे लागणार आहे.

जनावरांचा_डॉक्टर

शाब्बास सई. एक भर : हात धुवायचं औषध सोबत ठेवा आणि शिंक आली तर पाठ फिरवा.

लाल कोलोबसच्या कुळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पश्चिम आफ्रिकेत, घाना आणि आयव्हरी कोस्टच्या जंगलात, मिस वॉल्ड्रनचा लाल कोलोबस होता. १९७८ नंतर तो कोणा शास्त्रज्ञाला जिवंत दिसल्याची नोंद नाही. शिकार आणि जंगलतोड, कारणं तीच. या कुळातली माकडं मोठ्या आवाजी टोळ्यांत राहतात आणि बंदूक पाहून लगेच पळत नाहीत, म्हणून ती सगळ्यात आधी संपतात. झांजिबारची तगून आहेत यात तिथल्या शेतकऱ्यांच्या सहनशीलतेचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

माडबागायत

डॉक्टरसाहेब, सहनशीलता हा शब्द तुम्ही वापरलात, बरं वाटलं. आजवर कोणी वापरला नव्हता.

@समुद्रफेन ताई, तुम्ही परत तिकडच्या शेतकऱ्यांना भेटाल तेव्हा माझ्या वतीने विचारा. पहिलं, पैसे कुटुंबाच्या हातात येतात की संघटनेच्या खात्यात राहतात? दुसरं, वाटा झाडं मोजून ठरतो की जमीन मोजून? आमच्याकडे सातबारा एकाच्या नावावर आणि कसणारा दुसरा, म्हणून विचारतो. तिसरं, बाईच्या नावाने शेत असेल तर तिला वाटा मिळतो का? उत्तरं मिळाली तर आमच्या बागायतदारांच्या बैठकीत वाचून दाखवीन. आमच्याकडेही किनाऱ्यावर पर्यटक कमी नाहीत.

समुद्रफेन

लिहून घेतले तिन्ही प्रश्न. पुढच्या आठवड्यात पेटेला जाणार आहे. तिथल्या संघटनेच्या खजिनदार एक बाईच आहेत, त्यांनाच विचारते. उत्तरं याच धाग्यावर टाकीन.

उंडीण

दादा, बैठकीचं ठिकाण आणि वार कळवा. मी चिपळूणला असते, येऊ शकेन. आणि समुद्रफेन, त्यांना हेही विचारशील का, की आंब्याच्या मोहोराचं नुकसान ते मोजतात कसं? इथे तेच कोणाला जमत नाही.